डीएसएलआर की मिररलेस? आधी काय टिपायचंय ते ठरवा

पहिला कॅमेरा घेताना मेगापिक्सेल मोजत बसू नका. कॅननच्या १५००डी या साध्या डीएसएलआरलाही २४ मेगापिक्सेल आहेत आणि आर५० या मिररलेसलाही. फरक आत आहे. डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला उजेड आरशावरून वर वळून डोळ्यापर्यंत येतो आणि बटण दाबलं की आरसा उचलला जातो. मिररलेसमध्ये आरसाच नाही. सेन्सर (उजेड टिपणारी चिप) सतत चालू असतो आणि त्याला जे दिसतं तेच स्क्रीनवर दिसतं. बाकीचे फरक बहुतेक इथूनच निघतात.

साताऱ्यात कॅमेरा घेणाऱ्याची पहिली धाव कासला, म्हणून तिथलंच उदाहरण घेऊ. सीतेची आसवं, गेंद ही फुलं जमिनीपासून वीतभरही वर नसतात. फुलांमध्ये शिरायचं नाही, फुलांवर आडवं पडायचं तर नाहीच. म्हणजे कॅमेरा हात लांब करून खाली धरायचा आणि वरून स्क्रीनमध्ये बघायचं. १५००डी आणि निकॉन डी३५०० यांची स्क्रीन हलतच नाही. शिवाय डीएसएलआरवर स्क्रीन बघून फोटो काढायचा म्हणजे आरसा वर राहतो आणि त्याच्यासोबत चालणारा वेगवान फोकस बंद पडतो. १५००डी मग पुढेमागे चाचपडत फोकस शोधतो, तेवढ्यात वाऱ्याने फूल हललेलं असतं. मिररलेसमध्ये ही अडचण नाही. डीएसएलआरच हवा असेल तर कॅनन २००डी किंवा २००डी मार्क टू बघा: फिरणारी स्क्रीन आहे आणि फोटोसाठी स्क्रीनवरचा फोकसही झटकन लागतो.

मात्र व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी, सगळ्याच मिररलेसना असते असं नाही. सोनी झेडव्ही-ई१० आणि निकॉन झेड३० या दोघांना नाही. पावसाळी ढगात चालून जातं, पण चाळकेवाडीच्या पठारावर दुपारच्या उन्हात स्क्रीन काळी ठिक्कर दिसते. रील आणि व्हिडिओच करायचे असतील तर हे दोन्ही उत्तम. मायणीला पक्षी टिपायचे असतील तर व्ह्यूफाइंडरवालाच घ्या.

बॅटरीत डीएसएलआर सरळ पुढे. कंपनीच्या मोजणीनुसार डी३५०० एका चार्जमध्ये सुमारे १५५० फोटो देतो, झेड३० साधारण ३३०. मिररलेस घेतला की दुसरी बॅटरी त्याच दिवशी घ्यायची, तो खर्च आधीच धरा.

लग्नाची कामं करायचा विचार असेल तर दोन गोष्टी. मिररलेसचं ‘आवाज न करणारं’ (पूर्ण इलेक्ट्रॉनिक) शटर मंडपातल्या एलईडी दिव्यांखाली फोटोवर आडवे पट्टे आणतं; मेकॅनिकल किंवा अर्धं-इलेक्ट्रॉनिक शटर लावा आणि शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवून बघा. दुसरी, १५००डी आणि २००डी मार्क टूच्या फ्लॅश-शूला (वर फ्लॅश बसवायच्या खाचेला) मधली पिनच नाही, त्यामुळे दूरचा फ्लॅश चालवणारे साधे एका पिनचे ट्रिगर त्यावर चालत नाहीत. जुन्या २००डीला ती पिन आहे.

आता लेन्स, कारण खरे पैसे तिथेच जातात. कॅननच्या डीएसएलआरच्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्स अ‍ॅडॉप्टर लावून आर५०सारख्या नव्या आर मालिकेच्या मिररलेसवर ऑटोफोकससकट चालतात, म्हणून आज डीएसएलआर घेतला तरी उद्या लेन्स वाया जात नाही. स्वस्तात मिळणारा कॅननचा जुना मिररलेस एम५० मात्र टाळा. त्याच्या ईएफ-एम लेन्स आर मालिकेला बसत नाहीत आणि ती मालिका बंद झाली आहे. निकॉन डी३५००, डी५६०० यांच्या बॉडीत फोकस मोटर नाही. ५० एमएमची जुनी ‘डी’ लेन्स (तिच्यातही मोटर नसते) त्यावर हातानेच फोकस करावी लागेल. एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेलीच घ्या.

कॅनन आणि निकॉन या दोघांनी २०२० नंतर नवीन डीएसएलआर आणलेला नाही. याचा फायदा सेकंडहँड घेणाऱ्याला होतो. आमचा कल स्पष्ट आहे: बजेट घट्ट असेल आणि फोटोच काढायचे असतील तर सेकंडहँड २००डी आणि ५० एमएम एफ/१.८ लेन्स, व्हिडिओ आणि पक्षी असतील तर थोडे थांबून मिररलेस. नवा घेताना भारतातली वॉरंटी असलेलं बिल मागा. ‘इम्पोर्टेड’ पीस स्वस्त असतो तो त्याशिवाय.

सेकंडहँड घेताना दुकानातच हे करा:

१. लेन्सची दोन्ही झाकणं काढा, मागून मोबाईलची टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर फंगस (बुरशी) आहे, सौदा सोडा.

२. एफ/१६ (लेन्सचं छिद्र लहान), आयएसओ १०० (सेन्सरची संवेदनशीलता कमी) ठेवून आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा मुद्दाम अस्पष्ट फोटो काढा आणि झूम करून बघा. काळे ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ, ती साफ होते. सरळ रेघ असेल तर ओरखडा. तो जात नाही.

३. डीएसएलआर असेल तर वर्तमानपत्र तिरकं ठेवून एकाच ओळीवर दोन फोटो घ्या, एक व्ह्यूफाइंडरमधून, एक स्क्रीनवरून. दुसरा स्वच्छ आणि पहिला मऊ आला तर फोकस पुढेमागे सरकलाय. स्वस्त बॉडीत हे मेनूतून दुरुस्त करता येत नाही, दुरुस्तीला द्यावं लागतं.

४. निकॉनच्या जेपीईजी फाइलमध्ये शटर किती वेळा चाललं ते नोंदलेलं असतं. डी३५००चं शटर कंपनीने एक लाखापर्यंत तपासलेलं आहे. कॅननच्या फाइलमध्ये हा आकडा सापडत नाही, तिथे बटणांची झीज आणि रबर बघून अंदाज घ्या.

पावसाळ्यात कॅमेरा बॅगेत कोंबून कपाटात ठेवला की फंगस ठरलेली. घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांमध्ये राहिला पाहिजे. जेलचा रंग बदलला की मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येतं, पण खायच्या भांड्यात नको. धुक्यातून आल्यावर कॅमेरा बॅगेतच अर्धा तास राहू द्या, मग पुसून, बॅटरी काढून डब्यात ठेवा.