सर्वाधिक वर्चस्व कोणाचं? हा वाद घालताना या चुका टाळा

मराठी घरात हा विषय निघाला की पहिलं नाव सचिनचं येतं. माझ्याही तोंडी तेच येतं. 200 कसोटी, 15,921 धावा, 51 कसोटी शतकं, कसोटी आणि एकदिवसीय मिळून 100 शतकं. पण प्रश्न ‘आपल्या खेळावर सर्वाधिक वर्चस्व कोणी गाजवलं’ असा असेल, तर सचिन हे उत्तर चुकतं. ते का चुकतं हे नीट पाहिलं, तर पुढचं बरंचसं भांडण टळतं.

थोरवी आणि वर्चस्व यांची गल्लत

सचिनची कसोटी सरासरी 53.78. त्याच काळात खेळलेल्या लाराची 52.88, द्रविडची 52.31, पाँटिंगची 51.85. कॅलिसची तर 55.37, म्हणजे सचिनहूनही जास्त. सोळाव्या वर्षी सुरुवात करून चोवीस वर्षं टिकणं आणि एवढ्या लोकांच्या अपेक्षा खांद्यावर घेऊन खेळणं ही थोरवी आहे, तिच्याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. वर्चस्व मात्र पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकातल्या अंतरावरून मोजायचं.

ते अंतर पाहायचं तर ऑस्ट्रेलियाचे फलंदाज डॉन ब्रॅडमन यांच्याकडे जावं लागतं. कसोटीत 80 डाव, 6,996 धावा, सरासरी 99.94. 1948 साली ओव्हलवरच्या शेवटच्या डावात चार धावा झाल्या असत्या तरी सरासरी शंभर झाली असती. इंग्लंडच्या हॉलीसने दुसऱ्याच चेंडूवर शून्यावर त्रिफळा उडवला. ब्रॅडमनच्या मागची नावं पाहा: व्होजेस 61.87, पोलॉक 60.97, हेडली 60.83. मधल्या चाळीसेक धावांच्या जागेत एकही मोठी कारकीर्द नाही.

प्रतिस्पर्ध्यांना काय करावं लागलं, हेही पाहायला हवं आणि वादात ते जवळजवळ नेहमीच राहून जातं. ब्रॅडमनना रोखण्यासाठी इंग्लंडने 1932-33च्या मालिकेत अंगावर आखूड चेंडू टाकून लेगला क्षेत्ररक्षक लावण्याची ‘बॉडीलाइन’ पद्धत आणली. त्यावरून दोन देशांत कटुता आली आणि पुढे क्रिकेटचे नियमही बदलले. त्या मालिकेत त्यांची सरासरी 56.57 होती. त्यांचं अपयश म्हणून सांगितली जाणारी ही मालिका सचिनच्या संपूर्ण कारकिर्दीच्या सरासरीपेक्षा वर आहे.

जाता जाता, आपल्या माणसाची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. प्रथम श्रेणीच्या मोठ्या कारकिर्दींत ब्रॅडमनच्या 95.14 या सरासरीनंतर नाव येतं ते मुंबईच्या विजय मर्चंट यांचं, 71.64. कसोट्या मात्र त्यांच्या वाट्याला दहाच आल्या.

एका डावावरून किंवा एका दिवसावरून निकाल लावणं

डिसेंबर 1948 मध्ये पुण्यात भाऊसाहेब निंबाळकर महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध 443 धावांवर नाबाद होते. आणखी दहा धावा झाल्या असत्या तर ब्रॅडमनचा 452चा विक्रम मोडला असता, तेवढ्यात काठियावाडने सामनाच सोडून दिला. निंबाळकरांना पुढे एकही कसोटी मिळाली नाही. ही गोष्ट वाचून आजही जीव हळहळतो, पण वर्चस्वाच्या वादात ती पुरावा म्हणून चालणार नाही. डाव कितीही मोठा असला तरी तो एकच असतो.

पदकांची बेरीज करून दोन खेळांची तुलना

अमेरिकेचा जलतरणपटू मायकेल फेल्प्सची 23 ऑलिंपिक सुवर्णपदकं कुणी समोर ठेवली की वाद संपल्यासारखा वाटतो. फेल्प्स थोर आहेच. पण चांगला जलतरणपटू एकाच ऑलिंपिकमध्ये फ्रीस्टाइल, बटरफ्लाय, मेडले आणि रिले अशा अनेक शर्यतींत उतरू शकतो. 2008च्या बीजिंगमध्ये एकट्या फेल्प्सच्या नावावर रिले धरून आठ सुवर्णं लागली. पैलवानाला चार वर्षांतून एकच वजनगट आणि एकच पदक. ग्रीको-रोमन या कुस्तीप्रकारात रशियाच्या कारेलिनने 1988, 1992 आणि 1996 अशी ओळीने तीन सुवर्णं घेतली, आणि 2000 साली सिडनीत अमेरिकेचा रुलॉन गार्डनर अंतिम लढतीत त्याला हरवून गेला तेव्हा जगभर ती बातमी झाली. बेरीज केली तर 23 विरुद्ध 3, आणि अशा हिशेबाने कुस्तीवर अन्याय होतो. आधी त्या खेळात एका माणसाला किती पदकं मिळवता येतात ते विचारा.

समोर कोण होतं हे न विचारणं

ध्यानचंद यांच्याविषयी कमी बोलणं मला जमत नाही, तरी हे सांगतो. 1932च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हॉकीत तीनच संघ होते: भारत, जपान आणि अमेरिका. अमेरिकेवरचा 24-1 हा विजय पुढे करून वर्चस्व सिद्ध करू नका, समोरचा माणूस तेवढ्यावरच तुमचा मुद्दा उडवून लावेल. 1936च्या बर्लिनची अंतिम लढत सांगा: यजमान जर्मनीवर 8-1.

जुन्या विम्बल्डनचंही असंच आहे. 1921पर्यंत गतविजेता थेट शेवटचाच सामना खेळत असे, त्यामुळे त्या काळातल्या सलग विजेतेपदांची आजच्या सात फेऱ्यांशी तुलना होत नाही.

गैरहजेरीही पाहावी. एडविन मोझेस 400 मीटर अडथळा शर्यतीत 1977 ते 1987 अशी जवळजवळ दहा वर्षं हरला नाही. 1980चं सुवर्ण त्याच्याकडे नाही, कारण अमेरिकेने मॉस्कोवर बहिष्कार टाकला होता.

पुरुषांच्याच यादीत शोधणं

ही चूक सगळ्यांत जास्त होते. स्क्वॉशचा विषय निघाला की पाकिस्तानचा जहांगीर खान, आणि त्याची 1981 ते 1986ची अपराजित वाटचाल. (‘सलग 555 सामने’ हा आकडा वादग्रस्त आहे, वर्षं सांगितलीत तर कुणी अडवणार नाही.) पण त्याच खेळात ऑस्ट्रेलियाच्या हीदर मॅके 1960 आणि 1962 साली एकेकदा हरल्या, आणि त्यानंतर निवृत्तीपर्यंत हरल्याच नाहीत. ब्रिटिश ओपन 1962 ते 1977, सलग सोळा वेळा. व्हीलचेअर टेनिसमध्ये नेदरलँड्सची एस्थर व्हर्जेर 2003पासून निवृत्तीपर्यंत एकेरीचे सलग 470 सामने जिंकली. ही दोन्ही नावं न घेता केलेली यादी अर्धवटच राहते.

मला विचाराल तर पहिलं नाव ब्रॅडमन, दुसरं मॅके. मॅकेना वर न्यायला माझं मन ओढ घेतं, कारण त्यांच्या पराभवांची यादी दोन ओळींत संपते. पण त्या काळी स्क्वॉश खेळणाऱ्या बायका किती देशांत होत्या, हा वरचाच प्रश्न मला त्यांनाही लावावा लागतो. ब्रॅडमनसमोर मात्र त्यांच्या 52पैकी 37 कसोटींत इंग्लंड होतं, त्या काळातला ऑस्ट्रेलियाचा सगळ्यांत कडवा प्रतिस्पर्धी.