अडीचशेच्या बिलापासून सुरुवात करा

कंपनीत ऑटोमेटेड टेस्टिंग, म्हणजे कोडनेच कोड तपासणं, आणायचंय? मग पहिल्या दिवशी टूल निवडत बसू नका. गेल्या सहा महिन्यांतल्या ग्राहकांच्या तक्रारी काढा. आमचं दुकानांसाठीचं बिलिंग सॉफ्टवेअर, सहा डेव्हलपर आणि टेस्टर मी एकटी. निम्म्या तक्रारी हिशेबाच्या निघाल्या. स्क्रीन देखणी, रुपया चुकलेला.

अडीचशेचा माल, ५ टक्के जीएसटी, बिल २६२.५०. दुकानदार म्हणे २६३, आमचं सॉफ्टवेअर २६२. साडेतीनशेच्या मालाला मात्र ३६८, अगदी बरोबर! पायथन या प्रोग्रामिंग भाषेचं राऊंड (पूर्णांक करणारं फंक्शन) नेमके पन्नास पैसे आले की जवळच्या सम आकड्याकडे वळतं. माझ्या एक्सेलमधल्या तपासणीच्या १४० केसेसमध्ये साडेतीनशे होते, अडीचशे नव्हते. दर शुक्रवारी हाताने तपासायचे, दर शुक्रवारी पास.

अशी एक तक्रार घ्या आणि दुरुस्तीआधी टेस्ट लिहा. पायटेस्टमध्ये (पायथनच्या टेस्ट चालवणारं टूल) चार ओळी पुरतात: अडीचशे दिले की २६३ आलेच पाहिजेत. चालवा, लाल (म्हणजे नापास) होऊ द्या, मग कोडला हात लावा (आम्ही पायथनचं डेसिमल आणि राऊंड हाफ अप वापरलं, म्हणजे पन्नास पैसे आले की वरचा रुपया). लाल झालेली पाहिली नाही त्या टेस्टवर माझा भरवसा नाही. आमच्याकडे एक टेस्ट दोन महिने हिरवी होती, तिच्यात असर्टच, म्हणजे उत्तर ताडून बघणारी ओळच, नव्हता.

पुढेही हेच: बग आला की आधी टेस्ट. जुन्या सगळ्या कोडला टेस्ट लिहायला बसू नका. साहेब कव्हरेजचे टक्के (किती कोड टेस्टमधून चालतो) विचारतील, तेव्हा त्यांना परत न आलेल्या तक्रारी दाखवा.

तारखेपासून जपा. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, तूप १२ वरून ५ टक्क्यांवर आलं. आदल्या दिवशीचं बिल पुन्हा छापलं तर १२ टक्केच दिसायला हवेत. कोड आतल्या आत ‘आज’ची तारीख घेत असेल तर ही टेस्ट लिहिताच येत नाही, तारीख बाहेरून द्या.

मग गिटहब ॲक्शन्सवर (गिटहबवर अशी कामं आपोआप चालवणारी सोय) प्रत्येक पुल रिक्वेस्टला, म्हणजे कोडमधला बदल मुख्य कोडमध्ये घ्यायच्या विनंतीला, टेस्ट चालू द्या. पहिले दोन आठवडे निकाल नुसता दाखवा, नंतर लाल असेल तर मर्ज (बदल मुख्य कोडमध्ये मिसळणं) बंद. पहिल्याच दिवशी बंद केलंत तर सहाही जण तुमच्या टेबलाभोवती उभे.

स्क्रीनच्या टेस्ट दोनच ठेवा: लॉगिन आणि एक पूर्ण बिल. प्लेराइट (ब्राउझर आपोआप चालवणारं टूल) चालेल. कधी पास, कधी नापास होणारी लहरी टेस्ट त्याच दिवशी बाजूला काढा, नाहीतर लोक लाल दिसलं की न वाचता ‘परत चालव’ म्हणायला लागतात.

माझं एक्सेल अजून आहे, ३० केसेसचं. प्रिंटरचा रोल शेवटची ओळ कापतो का, हे अजून डोळ्यांनीच बघावं लागतं.