कमी खर्चात ऑटोक्रॉससाठी शॉक कसे निवडावेत

ऑटोक्रॉस ही घड्याळाविरुद्धची शर्यत; तिची एक फेरी जेमतेम मिनिटभराची. मोकळ्या पटांगणावर शंकू मांडलेले असतात, गाडी बहुतेक वेळ दुसऱ्या गिअरमध्ये असते आणि सरळ रेषेत ती फारशी धावतच नाही. डावीकडचा कल पुरता बसायच्या आत उजवीकडे वळायचं असतं. लांबलचक वळणात गाडी शेवटी किती झुकणार हे स्प्रिंग आणि अँटी-रोल बार (झुकाव कमी करणारी आडवी सळई) ठरवतात; त्या झुकावापर्यंत ती किती झटकन आणि किती नीटपणे पोहोचते, हे शॉक (शॉक अॅब्सॉर्बर) ठरवतात. शंकूंच्या नागमोडी रांगेत वेळ कमावला किंवा गमावला जातो तो इथेच.

तरीही खरेदीच्या यादीत शॉक पहिले नाहीत. टायर जुने होऊन कडक झाले असतील तर आधी टायर घ्या. लोअर आर्मचे बुश फाटले असतील, स्ट्रटचं (शॉक आणि स्प्रिंग एकत्र असलेल्या खांबाचं) वरचं माउंट खडखडत असेल, तर आधी ते बदला, कारण ढिल्या माउंटमध्ये पहिले दोन-तीन मिलिमीटर वाया जातात आणि शॉकचं सगळ्यात मोलाचं काम तेवढ्याच हालचालीत असतं. मग व्हील अलाइनमेंट. त्यानंतर शॉक.

पैसे मोजण्यापूर्वी क्लबचं नियमपुस्तकही वाचून काढा. मूळ गाडीच्या जवळच्या गटांत बहुधा शॉक बदलायला मुभा असते, पण स्प्रिंग मूळच्याच ठेवाव्या लागतात. बाहेरून फिरवता येणाऱ्या समायोजनांची संख्या, वेगळी टाकी असलेले शॉक, स्प्रिंगच्या बैठकीची उंची यांवर मर्यादा असू शकते. उंची कमी-जास्त करता येणारा कॉइलओव्हर (शॉकभोवतीच स्प्रिंग असलेला संच) बसवला की गाडी बहुधा थेट वरच्या गटात जाते आणि तिथे समोर पुरत्या बदललेल्या गाड्या असतात. स्वस्त कॉइलओव्हर या हिशेबाने चांगलाच महाग पडतो.

पिस्टनचा वेग: खरी परीक्षा

शॉकचा जोर पिस्टन किती वेगाने सरकतो यावर अवलंबून असतो. खड्डा किंवा रंबलर लागला की पिस्टन सेकंदाला 300 मिमी किंवा त्याहूनही जास्त वेगाने धावतो. स्टीअरिंग फिरवल्यावर, ब्रेक दाबल्यावर गाडीचं अंग हलतं तेव्हा हाच वेग साधारण 0 ते 75 मिमी प्रति सेकंद असतो. ऑटोक्रॉस जवळजवळ सगळं या खालच्या पट्ट्यात खेळलं जातं. म्हणून ज्या शॉकचा वेगानुसार जोराचा आलेख सुरुवातीलाच उभा चढतो आणि पुढे सपाट होत जातो, तो आपल्या कामाचा: कल रोखतो आणि उंचवटा आला की सोडून देतो. ज्याचा आलेख आधी लोळतो आणि नंतर चढत जातो, तो रस्त्यावर कडक वाटतो म्हणून लोकांना ‘रेसिंग’ वाटतो. शंकूंमध्ये तो गाडीला पोहू देतो.

किती जोर हवा याचा अंदाज घरी काढता येतो. समजा एका कोपऱ्यावर 320 किलो भार आहे. त्यातला चाक, ब्रेक, हब असा स्प्रिंगखालचा भाग 40 किलो, म्हणजे स्प्रिंगवर 280 किलो. चाकाशी मोजलेला स्प्रिंगचा कडकपणा 25 न्यूटन प्रति मिमी धरू, म्हणजे 25,000 न्यूटन प्रति मीटर. डॅम्पिंग म्हणजे शॉकचा हालचालीला होणारा विरोध; गाडी एकदाही न झुलता थांबेल इतका कमीत कमी विरोध म्हणजे क्रिटिकल डॅम्पिंग. ते येतं 2 × √(25,000 × 280), सुमारे 5,290 न्यूटन-सेकंद प्रति मीटर. आरामासाठी बनवलेल्या गाडीत याच्या पाव ते तिसरा हिस्सा डॅम्पिंग असतं. ऑटोक्रॉससाठी खालच्या वेगाला 65 टक्क्यांच्या आसपास धरून सुरुवात करावी: सुमारे 3,440.

हा आकडा चाकाशी आहे. चाक 10 मिमी हललं की शॉक 7 मिमी हलत असेल, तर 0.7 चा वर्ग म्हणजे 0.49 ने भागायचं. शॉकपाशी सुमारे 7,020 येतात. 50 मिमी प्रति सेकंदाला जोर 351 न्यूटन. ही बंप (शॉक दबताना) आणि रिबाउंड (शॉक उघडताना) यांची सरासरी. रिबाउंड बंपच्या दुप्पट ठेवला तर बंप 234 आणि रिबाउंड 468 न्यूटन. स्ट्रटच्या गाडीत शॉक जवळजवळ चाकाइतकाच हलतो, त्यामुळे आकडे लहान येतात. मागच्या आर्मच्या मध्यावर शॉक असेल तर बरेच मोठे. एकाच गाडीच्या पुढच्या आणि मागच्या शॉकचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत ते यामुळे.

विक्रेत्याकडे डायनोचा (शॉकचा जोर मोजणाऱ्या यंत्राचा) आलेख मागा आणि 50 मिमी प्रति सेकंदाच्या जवळचा बिंदू पाहा. काही तक्ते 130 मिमी प्रति सेकंदापासूनच सुरू होतात. त्यांवरून शॉक खड्ड्यात कसा वागेल ते कळतं, वळणात कसा वागेल ते नाही.

बजेटात काय काय बसतं

कंपनीच्या मूळ दर्जाचे नवे शॉक: जुने मेले असतील तर हेही मोठी सुधारणा वाटतात, पण खालच्या वेगाला मऊच राहतात. अगदी पहिल्या हंगामासाठी चालतील.

मूळ स्प्रिंगसाठी बनवलेले, न बदलता येणारे स्पोर्ट शॉक: पैशाच्या मानाने सर्वांत पक्का पर्याय. बिल्श्टाइन कंपनीचे बी6 या प्रकारातले मोनोट्यूब (एकाच नळीचे) शॉक आहेत. बी8 तसेच, पण खाली बसवलेल्या गाडीसाठी आखूड. मूळ उंचीच्या गाडीवर बी8 बसवला तर चाक खाली लोंबायची वाट कमी पडते आणि आतल्या बाजूचं चाक लवकर उचललं जातं. नाव एक अक्षर-आकडा चुकवून मागवू नका. मोनोट्यूबमध्ये वायूचा दाब जास्त असतो आणि तो रॉडला सतत बाहेर ढकलतो. 14 मिमीचा रॉड आणि 20 बार दाब असेल तर हा रेटा सुमारे 308 न्यूटन. वरच्या उदाहरणातल्या गाडीत चाकाशी 215 न्यूटन, म्हणजे उंचीत 8–9 मिमी वाढ. बसवल्यावर गाडी ‘वर आली’ म्हणून घाबरू नये. अलाइनमेंट मात्र पुन्हा करावं.

फक्त रिबाउंड बदलता येणारे शॉक, जसे कोनी कंपनीचे पिवळे: हौशी ऑटोक्रॉससाठी आमचा कौल यांनाच. बंप कारखान्यातून ठरलेला असतो, त्यामुळे बिघडवायला एकच गोष्ट हाती राहते. मूळ स्प्रिंगपासून थोड्या कडक स्प्रिंगपर्यंत हे पुरतात. काही मॉडेलांत वरच्या टोकाला नॉब असतो. काहींत शॉक काढून, रॉड पूर्ण आत दाबून, हलकेच फिरवून खाच पकडावी लागते. असा शॉक मागच्या बाजूला असेल तर मैदानावर तो कोणी काढत बसत नाही, हे धरूनच खरेदी करा: मागचा घरी ठरवायचा आणि पुढच्यावर खेळायचं.

बंप आणि रिबाउंड वेगवेगळे बदलता येणारे चांगले शॉक या बजेटात नवे येत नाहीत. ज्या किमतीत येतात, त्या किमतीचे घेऊ नयेत.

राहिले स्वस्त कॉइलओव्हर. जाहिरातीत 30 क्लिक असतात. प्रत्यक्षात अनेकदा पहिल्या वीस क्लिकांत आलेख हलतच नाही आणि सगळा बदल शेवटच्या पाच-सहा क्लिकांत येतो. एकाच नॉबने बंप आणि रिबाउंड दोन्ही वाढतात, त्यामुळे कल आवरायला गेलं की गाडी उड्या मारू लागते. डाव्या-उजव्या शॉकचा जोर सारखा नसणं हा त्याहून मोठा दोष: गाडी एका बाजूला पटकन वळते, दुसऱ्या बाजूला रेंगाळते, आणि चालक आपलीच चूक शोधत बसतो. त्यात स्प्रिंग बहुधा खूप कडक दिलेल्या असतात आणि त्यांना आवरायला शॉक अपुरा पडतो. डॅम्पिंगची गरज स्प्रिंगच्या वर्गमुळाने वाढते. स्प्रिंग दीडपट केली तर डॅम्पिंग 22 टक्के वाढायला हवं. दुप्पट केली तर 41 टक्के. मूळ शॉक तसाच ठेवून नुसत्या आखूड, कडक स्प्रिंग घालणं तर सर्वांत वाईट: डॅम्पिंगचं प्रमाण घसरतं, वर गाडी बंप स्टॉपवर (शॉकची वाट संपते तिथल्या रबरी अडथळ्यावर) टेकून चालते. उभ्या गाडीत बंप स्टॉपपर्यंत निदान 50 मिमी मोकळी वाट हवी.

जुने घेताना

चांगल्या कंपनीचे वापरलेले शॉक हाच खरा बजेटचा मार्ग, पण हातात घेऊन तपासल्याशिवाय नाही. बंपर दाबून गाडी किती वेळा हलते ते पाहण्याची चाचणी फक्त मेलेला शॉक पकडते. अर्धमेला तिच्यातून सुटतो.

रॉडवर नख फिरवा. गंजाचा खड्डा किंवा पक्कडीचा ओरखडा लागला तर सील टिकणार नाही, सोडून द्या. सीलपाशी तेलाचा पुसट ओलावा चालतो. धूळ चिकटून झालेला ओघळ नाही. रॉड सरकवता सरकवता फिरवा. एका जागी जड, एका जागी हलका लागला तर तो वाकलेला आहे. मोनोट्यूबचा रॉड दाबून सोडला की आपोआप बाहेर यायला हवा. आला नाही तर वायू गेलेला आहे. मोनोट्यूबच्या नळीवर पोचा दिसला तर विषय संपला, कारण पिस्टन त्याच भिंतीवर घासत जातो. ट्विनट्यूबच्या (एकात एक दोन नळ्यांच्या शॉकच्या) बाहेरच्या नळीवरचा हलका पोचा एक वेळ चालतो.

ट्विनट्यूब आडवा पडून राहिलेला असेल तर आत हवा शिरलेली असते. उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबा, पूर्ण ओढा, मग परीक्षा करा. त्यानंतरही दिशा बदलताना मधेच पोकळ जागा लागली तर आतला व्हॉल्व्ह किंवा तेल गेलेलं आहे. समायोजन असेल तर ते दोन्ही टोकांपर्यंत फिरवून हाताला फरक जाणवतो का पाहा. आणि त्या मॉडेलचे सील मिळतात का, तो उघडून दुरुस्त होतो का, हे आधीच विचारा. दुरुस्तीचा खर्च किमतीत धरूनच सौदा करा. एकच सुटा शॉक कधी घेऊ नका, निदान एका अॅक्सलची जोडी हवी.

बसवताना होणारे घोटाळे

नवा शॉक खराब होतो तो बहुधा बसवतानाच. वरचा नट सोडवताना रॉड फिरतो म्हणून त्याला पक्कड लावली की क्रोम गेलं आणि महिन्याभरात सील गळलं. रॉडच्या टोकाला अॅलन की किंवा पाना बसायची जागा असते. आरपार सॉकेट वापरा. इम्पॅक्ट गनही तिथे नको.

स्ट्रट काढायचा असेल तर नकलच्या (चाकाचा हब धरणाऱ्या भागाच्या) बोल्टची जागा मार्करने खुणावून ठेवा. ब्रेकचा होज आणि एबीएसची तार आधी सोडवा, चाकाचा भार त्यांच्यावर लोंबू देऊ नका. स्प्रिंग कॉम्प्रेसरचे दोन्ही हूक समोरासमोर लावा, आळीपाळीने थोडे-थोडे आवळा आणि स्प्रिंगच्या टोकासमोर उभे राहू नका. जुन्या स्ट्रटच्या नळीत नवं कार्ट्रिज बसणारा प्रकार असेल तर नळीत थोडं तेल घाला, म्हणजे उष्णता बाहेर जायला वाट मिळते.

रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना पूर्ण आवळू नयेत. चाकं लोंबलेली असताना आवळले तर गाडी खाली आल्यावर बुश कायमचा पिळलेला राहतो, लवकर फाटतो आणि उंचीही बदलतो. चाकांवर भार आल्यावर टॉर्क पान्याने, गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळा. शेवटी दोन्ही रॉडवर एकेक केबल टाय बांधून ठेवा. फेरीनंतर तो कुठे सरकला ते पाहिलं की शॉक बंप स्टॉपला लागतो का ते कळतं.

मैदानावर

टायरचा दाब आधी ठरवून टाका आणि मग शॉकला हात लावा. रिबाउंड चारही कोपऱ्यांवर पूर्ण मऊपासून मोजत मध्यापर्यंत आणा. टोकाला अडल्यावर जोर लावू नका. नॉबचा अर्धा फेरा हे एका वेळचं पाऊल. एका अॅक्सलचा बदल, दोन फेऱ्या, मग मूळ जागी परत आणून पुन्हा एक. ही परतीची फेरी बहुतेक जण गाळतात. मग टायर तापल्याने आणि रस्ता पाठ झाल्याने सुधारलेली वेळ शॉकच्या नावावर जमा होते.

कल घेत असताना ज्या अॅक्सलचं डॅम्पिंग जास्त, त्या अॅक्सलचे टायर भाराच्या बदलाचा जास्त वाटा उचलतात. म्हणून वळणात शिरताना नाक बाहेर पळत असेल तर पुढचं मऊ किंवा मागचं कडक करा. दिशा बदलताना शेपूट सुटत असेल तर उलट. गाडीने कल घेऊन स्थिर झाल्यावरही लांब वळणात नाक पळत असेल तर शॉक फिरवून काही होणार नाही. तिथे अँटी-रोल बार, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) किंवा टायरचा दाब बघा.

रिबाउंड फार वाढला की उंचसखल जागेवर चाकाला परत खाली यायला वेळ मिळत नाही. गाडी प्रत्येक उंचवट्यावर थोडी-थोडी खाली बसत जाते आणि शेवटी बंप स्टॉपवर टेकते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत हेच लक्षण वळणातून बाहेर पडताना दिसतं: आतलं चाक हलकं होऊन रिकामं फिरतं. पटांगण खडबडीत असेल तर गुळगुळीत जागेच्या मानाने नॉबचा अर्धा फेरा मऊ धरूनच सुरुवात करा. घरी निघण्यापूर्वी रस्त्याची सेटिंग परत लावा आणि दोन्ही बाजूंचे नॉबचे फेरे सारखे आहेत ना, ते पूर्ण मऊपासून पुन्हा मोजून पाहा.