या चुका टाळा: जीवशास्त्रातले फसवे शब्द

दहावी-बारावीच्या मुलांना जीवशास्त्राच्या व्याख्या तोंडपाठ असतात, तरी मार्क जातात. कारण बरेचदा एकच असतं: शास्त्रातला शब्द डोक्यात रोजच्या अर्थानेच बसलेला असतो.

'श्वसन' घ्या. हवा आत-बाहेर करणं हा श्वासोच्छ्वास. पेशी श्वसन म्हणजे ग्लुकोज मोडून एटीपी, म्हणजे पेशीला वापरता येईल अशी ऊर्जा, मिळवणं. या दोन्हींची सरमिसळ झाली की 'झाडं दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि रात्री श्वसन' हे सगळ्यांचं लाडकं वाक्य उत्तरपत्रिकेत उतरतं. पेशीला ऊर्जा भरदुपारीही लागतेच. झाडाचं श्वसन चोवीस तास चालतं. उन्हात प्रकाशसंश्लेषणाचा वेग जास्त असतो, म्हणून ऑक्सिजन बाहेर पडताना दिसतो, एवढंच. पटत नसेल तर कुंडीत पाणी तुंबू द्या: ऑक्सिजन न मिळाल्याने मुळं कुजतात. (घरच्यांची तुळस मात्र वापरू नका.)

श्वसन सगळं तंतुकणिकेतच (पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियातच) होतं, हेही खरं नाही. ग्लुकोज-विघटन पेशीद्रव्यात होतं. परिपक्व लाल रक्तपेशीत तंतुकणिका नसतेच, तरी ती सुमारे १२० दिवस तेवढ्यावर भागवते.

सर्वांत मोठा गोंधळ 'प्रभावी' या शब्दाचा. प्रभावी जनुक म्हणजे बलवान, चांगलं किंवा जास्त लोकांत आढळणारं, असं मुलं धरून चालतात. त्याचा अर्थ फक्त इतकाच, की एक प्रत असली तरी गुण दिसतो. ओ रक्तगट अप्रभावी, तरी भारतात दहांतल्या तीन-चार जणांचा तोच असतो.

त्याच्या पाठोपाठ येते पनेट चौकट, म्हणजे आईवडिलांची जनुकं मांडून अपत्याच्या शक्यता दाखवणारा चार घरांचा तक्ता. आईवडील दोघेही सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराचे वाहक (सदोष जनुकाची एकच प्रत असलेले) असले, की चारपैकी एका घरात आजार येतो. मुलं, आणि कधी कधी मोठी माणसंही, त्याचा अर्थ लावतात: चार अपत्यांत एक आजारी, पहिलं आजारी निघालं म्हणजे पुढची तीन सुटली. विदर्भात किंवा नंदुरबारकडे, जिथे हा आजार बराच आढळतो, हा केवळ गणिताचा प्रश्न राहत नाही. चौकटीतली घरं म्हणजे अपत्यं नव्हेत. दर गर्भधारणेला शक्यता नव्याने २५ टक्केच असते. आधीच्या मुलाचं काय झालं याचा तिच्याशी संबंध नाही. चार अपत्यांतलं एकही आजारी नसण्याची शक्यता काढा: ३/४ चार वेळा गुणा, ८१/२५६, म्हणजे जवळपास ३२ टक्के. वाटाण्यांवर प्रयोग करणाऱ्या मेंडेललाही प्रभावी-अप्रभावी गुणांचं प्रमाण नेमकं ३:१ मिळालं नव्हतं. ७,३२४ बियांत ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेल्या, म्हणजे २.९६:१. तेही हजारो बिया मोजल्या तेव्हा.

परिसंस्थेत 'ऊर्जाचक्र' लिहू नका. कार्बन, नायट्रोजन फिरतात. ऊर्जा एकाच दिशेने जाते. लिंडमन यांचा १९४२ चा दहा टक्क्यांचा नियमही (अन्नसाखळीत एका पातळीतली सुमारे दहा टक्केच ऊर्जा पुढच्या पातळीत जाते) सूर्यप्रकाशाला लावू नका. वनस्पती त्यातला जेमतेम एक टक्का पकडतात. नियम त्यापुढचा, आणि तोही ढोबळ: गवतात १०,००० किलोकॅलरी असतील तर नाकतोड्यात १,०००, बेडकात १००, सापात १०. बाकीची कुठे गेली, असं विचारलं की 'नष्ट झाली' असं उत्तर येतं. काही भाग खाल्लाच गेला नाही, काही विष्ठेतून गेला, आणि बराचसा श्वसनातून उष्णता होऊन निघून गेला. म्हणूनच एका वडावर हजारो किडे असले आणि संख्येचा मनोरा उलटा झाला, तरी ऊर्जेचा मनोरा सरळच काढायचा.