खाडीच्या गाळातून औषधी रेणूचा शोध कसा घ्यावा

सागरी जीवांपासून औषध मिळवायचे म्हटले की नवशिक्या संशोधकाची नजर आधी स्पंजाकडे वळते; माझ्या मते मात्र सुरुवात गाळातल्या जिवाणूंपासून करावी. न्यूझीलंडच्या समुद्रातील एक टन स्पंजातून हॅलिकॉन्ड्रिन बी हे कर्करोगविरोधी रसायन जेमतेम 300 मिलिग्रॅम हाती लागले होते. त्यावर बेतलेले एरिब्युलिन 2010 मध्ये स्तनाच्या कर्करोगावरील औषध म्हणून अमेरिकेत मान्य झाले, पण ते साठांहून अधिक टप्प्यांच्या रासायनिक संश्लेषणाने घडवावे लागते. याउलट बहामाजच्या गाळात सापडलेला सॅलिनिस्पोरा ट्रॉपिका हा जिवाणू टाकीत वाढतो आणि कर्करोगपेशींना मारक असे सॅलिनोस्पोरामाइड ए स्वतःच तयार करतो.

आवश्यक परवानग्या हाती आल्यावर अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला निर्जंतुक चमच्याने गाळ घ्यावा, तो बर्फाच्या पेटीत ठेवावा आणि जागा, खोली व क्षारता तिथेच नोंदवावी. प्रयोगशाळेत गाळ समुद्राच्या निर्जंतुक पाण्यात कालवून सुमारे 55 अंश सेल्सिअसवर पाच-सहा मिनिटे तापवावा. त्यामुळे झटपट वाढणारे बरेच जिवाणू मरतात आणि ॲक्टिनोमायसीट्सचे, म्हणजे सॅलिनिस्पोरा ज्या जिवाणूगटात मोडतो त्याचे, बीजाणू तग धरतात. मग तो गाळ स्टार्च, यीस्ट अर्क व पेप्टोन ही पोषके घातलेल्या आगारवर, म्हणजे जेलीसारख्या माध्यमावर, पसरावा. माध्यमाला समुद्राचेच पाणी वापरावे, कारण सॅलिनिस्पोरा गोड्या पाण्यात वाढत नाही, आणि बुरशी रोखण्यासाठी सायक्लोहेक्झिमाइड घालावे. पंधरा दिवसांत काही दिसले नाही म्हणून पेट्री डिश टाकून देऊ नयेत. चिवट, नारिंगी वसाहती कधीकधी सहाव्या आठवड्यात उगवतात.

निवडलेला जिवाणू द्रवमाध्यमात वाढवून इथाइल ॲसिटेट या द्रावकाने अर्क काढावा. अर्कात भिजवून वाळवलेली कागदी चकती स्टॅफिलोकॉकस ऑरियस या रोगकारक जिवाणूच्या थरावर ठेवावी आणि शेजारी नुसत्या द्रावकाची चकतीही ठेवावी, नाहीतर द्रावकाचाच परिणाम औषधाच्या नावावर जमा होतो. भोवती वाढरहित वर्तुळ दिसल्यास अर्काचे स्तंभवर्णलेखनाने (नळीतल्या भुकटीतून द्रावकासह झिरपवून घटक वेगळे करण्याच्या पद्धतीने) भाग पाडून प्रत्येक भाग पुन्हा तपासावा. शुद्धीकरणात महिने घालवण्याआधी क्रियाशील भागातील रेणूंचे वस्तुमान ज्ञात प्रतिजैविकांच्या माहितीसंचाशी ताडून पाहावे, कारण बहुतेकदा जुनाच रेणू नव्याने सापडलेला असतो. तो खरोखरच अपरिचित ठरला, तरच एनएमआरने (चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रकांचे संकेत टिपणाऱ्या तंत्राने) रचना ठरवण्याकडे वळावे.

मूळ जिवाणू मात्र पहिल्याच दिवशी ग्लिसरॉलमध्ये उणे 80 अंशांवर जपून ठेवावा. पुन्हापुन्हा वाढवलेल्या वाणात औषधी रेणू बनवण्याची क्षमता हरवू शकते.