केबलमध्ये मुरलेला पाऊस

श्रावणात माझ्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओच्या, सेटवर 145 मेगाहर्ट्झला नुसती खरखर. रोजचे मित्रांचे आवाजही त्यात बुडाले. आधी सेटवरच संशय आला, पण घरातली छोटी अँटेना लावल्यावर तो बरा चालला. म्हणजे दोष गच्चीवर. एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते त्याचं माप, 3 च्या वर, एरवी दीडच्या आत असतो.

अँटेनाखालचा पीएल-259 कनेक्टर उघडला आणि पाण्याचा थेंब टपकला. केबलचं आवरण सोललं तर आतली तारांची जाळी काळीहिरवी! फूटभर कापलं, तरी तेच. हातभर आणखी कापल्यावर कुठे चकचकीत तार दिसली. जाळीतून पाणी इतकं आत झिरपतं. नवा कनेक्टर सोल्डर केला, वर सेल्फ-फ्यूजिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) टेप घट्ट गुंडाळली आणि केबलला खाली एक झोल दिला, म्हणजे पाणी तिथूनच गळतं. टेप मात्र खालून वर गुंडाळा. संध्याकाळी पहिली हाक स्वच्छ ऐकू आली, जिवात जीव आला.