'पाऊस आला असता त…' हे इंग्रजीत कसं मांडायचं

'मृगात पाऊस आला असता त पऱ्हाटी साधली असती.' पाऊस आलेला नाही, हे या वाक्यात वेगळं सांगावं लागत नाही. 'असता'नंच ते सांगून टाकलं. शाळेच्या व्याकरणात हा संकेतार्थ. 'टँकर रोज यावा' यातला 'यावा' विध्यर्थ. 'देव तुझं भलं करो' यातला 'करो' आज्ञार्थात धरतात. इंग्रजीत सबजंक्टिव्ह मूड म्हणतात तो या तिन्ही ठिकाणी डोकावतो. म्हणजे विषय आपल्याला नवा नाही. फरक एवढाच, की मराठी क्रियापद रूप बदलून उघड बोलतं आणि इंग्रजीचे जुने प्रत्यय झिजून गेलेत. मागे राहिल्या दोन-चार खुणा, त्याच ओळखायच्या आहेत.

सुरुवात 'असता'पासून करू, कारण सगळ्यात जास्त चुका इथंच होतात. 'पैसे असते तर बैल घेतला असता.' ही गोष्ट आजची की गेल्या वर्षीची? मराठीत दोन्ही चालतं, ऐकणारा संदर्भावरून समजून घेतो. इंग्रजीत ते आधीच ठरवावं लागतं. म्हणून भाषांतराला हात घालण्यापूर्वी स्वतःला विचारा: कधीची गोष्ट?

आजची असेल तर 'इफ'च्या भागात साधा भूतकाळ आणि दुसऱ्या भागात 'वुड' व मूळ क्रियापद: 'इफ आय हॅड मनी, आय वुड बाय अ बुलक.' 'हॅड' भूतकाळी दिसतो, पण इथं तो काळ दाखवत नाही, 'नाही' दाखवतो. गेलेली गोष्ट असेल तर एक पायरी आणखी मागे जायचं: 'इफ आय हॅड हॅड मनी, आय वुड हॅव बॉट अ बुलक.' दोन 'हॅड' लागोपाठ पाहून खोडू नका. पहिला सहायक आहे, दुसरा 'जवळ असणं' सांगणारा मुख्य.

आता नेहमीची चूक. मराठीत दोन्ही भागांत 'असता' येतो, म्हणून इंग्रजीतही दोन्हीकडे 'वुड हॅव' घातला जातो: 'इफ इट वुड हॅव रेन्ड, द कॉटन वुड हॅव सर्व्हाइव्हड.' हे चुकीचं. 'इफ'ला चिकटलेल्या भागात 'वुड' येत नाही. बरोबर वाक्य: 'इफ इट हॅड रेन्ड, द कॉटन वुड हॅव सर्व्हाइव्हड.' लेखी इंग्रजीत 'इफ' गाळून 'हॅड इट रेन्ड' असंही लिहितात, अर्थ तोच.

'बी' या क्रियापदाची खूण सगळ्यात ठळक. कल्पनेतल्या गोष्टीत आय, ही, शी, इट या सगळ्यांना 'वेअर' लावतात: 'इफ आय वेअर यू, आय वुड सो तूर.' मी तुझ्या जागी असतो तर तूर पेरली असती. याचं स्पेलिंग डब्ल्यू, ई, आर, ई. उच्चार 'वर्'च्या जवळचा. 'कुठे' या अर्थाच्या शब्दासारखा ओढू नका. बोलण्यात इंग्रज माणूसही सर्रास 'इफ आय वॉज' म्हणतो, पण परीक्षेत आणि अर्जात 'वेअर'च ठेवा.

मात्र 'इफ' दिसलं की 'वेअर' ठोकायचं, असंही नाही. 'काल तो बाजारात असेल तर त्याला भाव माहीत असेल' यात तो खरंच असू शकतो: 'इफ ही वॉज अॅट द मार्केट येस्टरडे, ही मस्ट नो द रेट.' तसंच 'तो घरी आहे का, असं तिनं विचारलं' यातही 'इफ ही वॉज'. मराठीत 'असता' येत नसेल तर इंग्रजीत 'वेअर' नको, ही चाचणी बहुतेक वेळा कामी येते.

'विश'चंही तसंच. 'बोअरला पाणी असतं तर बरं झालं असतं': आजचं असेल तर 'आय विश द बोअरवेल हॅड वॉटर', गेल्या उन्हाळ्याचं असेल तर 'हॅड हॅड वॉटर'. 'आय विश इट विल रेन' मात्र चूक. पावसाची आशा आहे तर 'आय होप इट रेन्स'; वाट पाहून जीव मेटाकुटीला आला असेल तर 'आय विश इट वुड रेन'.

आता विध्यर्थ, म्हणजे अर्जाची भाषा. डिमांड, सजेस्ट, रिकमेंड, इन्सिस्ट, रिक्वेस्ट यांच्यापुढे 'दॅट' आणि 'असं व्हावं' असा अर्थ आला, की क्रियापद अगदी मूळ रूपात राहतं. 'एस' नाही, 'ईडी' नाही. 'द ग्रामसभा डिमांडेड दॅट द टँकर कम डेली.' टँकर एक आहे म्हणून 'कम्स' नाही, मागणी काल झाली म्हणून 'केम' नाही. 'बी'चं मूळ रूप 'बी'च: 'आय रिक्वेस्ट दॅट माय नेम बी इन्क्लूडेड इन द लिस्ट.' नकारात 'डू' लागत नाही, क्रियापदाआधी नुसतं 'नॉट': 'द डॉक्टर रिकमेंडेड दॅट ही नॉट लिफ्ट सॅक्स.' हे जड वाटलं तर मधे 'शुड' घाला: 'दॅट द टँकर शुड कम डेली'. ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत ते चांगलं चालतं, अमेरिकेत नुसतं मूळ रूप जास्त.

'त्यानं मला सोयाबीन पेरायला सुचवलं' याचं 'ही सजेस्टेड मी टु सो सोयाबीन' करू नका. 'सजेस्ट'ला ती मांडणी सोसत नाही. 'ही सजेस्टेड दॅट आय सो सोयाबीन' म्हणा. 'आय रिक्वेस्ट यू टु' आणि 'ही अॅडव्हाइज्ड मी टु' मात्र ठीक आहेत, म्हणूनच गल्लत होते.

'करो, होवो'चं इंग्रजी थोडक्यात आटोपतं, कारण ते ठरलेल्या बोलांतच उरलंय: 'गॉड ब्लेस यू', 'लाँग लिव्ह'. 'ब्लेसेस' म्हटलं तर आशीर्वादाची नुसती बातमी होते. २०२२ मध्ये ब्रिटनच्या 'गॉड सेव्ह द क्वीन' या राष्ट्रगीतात 'क्वीन'चं 'किंग' झालं, पण 'सेव्ह'ला तेव्हाही 'एस' लागला नाही. असे बोल पाठ करा, नियम शोधत बसू नका.

'इट्स टाइम'पुढेही भूतकाळ येतो: 'इट्स टाइम वी स्टार्टेड सोइंग', पेरणीला लागायची वेळ झाली. उशीर होतोय, असा त्यात सूर असतो.

'इन्सिस्ट'कडे शेवटी जरा नीट बघा, कारण त्याचे अर्थ दोन: हट्ट धरणं आणि ठासून सांगणं. कर्जाच्या कागदावरून तक्रार लिहायची आहे असं धरा. 'ही इन्सिस्टेड दॅट आय साइन द पेपर' म्हणजे मी सही करावी असा त्याचा आग्रह होता. 'ही इन्सिस्टेड दॅट आय साइन्ड द पेपर' म्हणजे मी सही केलीच आहे असं तो ठासून म्हणत होता. पहिल्या वाक्यात सही झाली की नाही ते कळत नाही. दुसऱ्यात ती झाल्याचा दावा आहे, आणि तो एका 'ईडी'वर उभा आहे.